रात्री पेशंटला कोण उठवतं? झोपेवरच्या नर्सिंग संशोधनाची दिशा

प्रश्न असा आहे: एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधासाठी ‘झोप आणि झोपेची गुणवत्ता’ हा विषय घ्यायचा आहे. या विषयावरच्या नर्सिंग संशोधनाचा कल सध्या कुठे आहे, आणि विद्यार्थिनींना किंवा स्टाफला पिट्सबर्ग प्रश्नावली (झोपेची गुणवत्ता मोजणारा फॉर्म) भरायला देऊन टक्केवारी काढली तर चालेल का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते. चालेल. गाइड सही करतील, व्हायवाही पार पडेल. पण ‘बऱ्याच जणींची झोप चांगली नाही’ हा निष्कर्ष तुम्हाला आजच, एकही फॉर्म न वाटता लिहिता येईल. असे अभ्यास जगभर ढिगाने पडले आहेत, करोनाच्या काळात तर त्यांचा पूरच आला. किती जणांना झोप लागत नाही हे मोजून झालं. आता खरं काम चाललंय ते दुसऱ्या प्रश्नावर: आपण नेमकं काय करतो म्हणून पेशंट जागा राहतो, आणि ते थांबवलं तर काय होतं?

थोडं माझं सांगते. स्टाफ असताना रोज सकाळी रिपोर्ट बुकात मी एक ओळ लिहायचे, ‘पेशंट रात्री शांत झोपले.’ सगळ्याच लिहायच्या. पुढे एका अभ्यासाच्या तयारीसाठी सर्जिकल वॉर्डात रात्री एका खाटेशेजारी वही घेऊन बसले. पोटाचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस झालेल्या एक आजी होत्या. वहीतल्या नोंदी अशा: १०.२० गोळ्या. ११.०५ शेजारच्या खाटेसाठी मोठा दिवा लागला. ११.४० बीपी. १२.३० सलाइनचा पंप वाजायला लागला, बंद व्हायला चार मिनिटं. २.०० अँटिबायोटिक. २.५० बेडपॅन, हे त्यांनीच मागितलं. ४.०० ताप, नाडी, बीपी. ४.४५ रक्त घ्यायला लॅबचा माणूस. ५.१५ स्पंजिंग, कारण सकाळची ड्युटी यायच्या आत कामं उरकायची असतात.

यात सर्वांत मोठा सलग तुकडा साडेबारा ते दोनचा. पंपाची चार मिनिटं वजा केली तर ८६ मिनिटं. झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं असतं, आणि डोळा लागायलाही वेळ जातोच. म्हणजे अख्ख्या रात्रीत एक चक्रसुद्धा पुरं होईल एवढी मोकळी जागा आजींना मिळाली नाही. साखरझोपेच्या वेळी तर आम्ही ओलं फडकं घेऊन हजर होतो. सकाळी नाइट सिस्टरने लिहिलं, ‘शांत झोपल्या.’ ती खोटं लिहीत नव्हती. ती दारातून टॉर्च मारून बघायची तेव्हा आजी डोळे मिटून पडलेल्या असायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “डोळे मिटले की तुम्ही लोक लवकर जाता.”

ही एका खाटेची गोष्ट झाली. २००४ साली टॅम्बुरी आणि सहकाऱ्यांनी चार अतिदक्षता विभागांतल्या ५० पेशंटच्या १४७ रात्रींच्या नोंदी तपासल्या. संध्याकाळी ७ ते सकाळी ७ या वेळात एका पेशंटजवळ सरासरी ४२.६ वेळा कुणी ना कुणी काहीतरी करायला आलं होतं. दोन ते तीन तासांचा अखंड मोकळा वेळ सगळ्या रात्री मिळून फक्त ९ वेळा सापडला. रोजच्या आंघोळीपैकी ६२ टक्के आंघोळी रात्री ९ ते सकाळी ६ च्या दरम्यान उरकलेल्या होत्या. आणि पेशंटला झोप यावी म्हणून मुद्दाम काही केल्याची नोंद होती ती १४७ पैकी एका रात्री. हा पेपर मी दरवर्षी विद्यार्थिनींना वाचायला देते. महागडं यंत्र नाही, फॉर्म नाही, फक्त चार्ट वाचून काढलेले आकडे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० च्या सुमारास नर्सिंगवरच्या आपल्या पुस्तकात आवाजावर एक अख्खं प्रकरण लिहिलं आणि पेशंटला जाणूनबुजून किंवा चुकून झोपेतून उठवू नये ही चांगल्या शुश्रूषेची पहिली अट मानली. मोजायला मात्र आम्ही फार उशिरा लागलो.

आता लगेच ‘आवाज आणि नर्स हेच झोपेचे शत्रू’ असं गृहीतक लिहायला बसू नका. २००३ मध्ये गॅबर आणि सहकाऱ्यांनी अतिदक्षता विभागात पेशंटच्या मेंदूच्या लहरी आणि खोलीतल्या घडामोडी एकाच वेळी टिपल्या, तेव्हा आवाज आणि शुश्रूषेची कामं मिळून ३० टक्क्यांपेक्षा कमी जागृतींचा हिशेब लागला. बाकीच्याचं काय? वेदना, श्वासयंत्राशी न जुळणारा श्वास, औषधं, ताप, आणि दिवस-रात्र यांचा सुटलेला धागा. म्हणून नुसते कानात बोळे घालून प्रश्न सुटत नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत संशोधन एकेका उपायाकडून अनेक उपायांच्या गठ्ठ्याकडे वळलं त्याचं मोठं कारण हे आहे.

हा गठ्ठा कसा काम करतो याची दोन-तीन उदाहरणं लक्षात ठेवा. १९९९ मध्ये इनौये यांच्या गटाने ७० किंवा त्याहून जास्त वयाच्या ८५२ पेशंटच्या अभ्यासात भ्रम (डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक होणारा मनाचा गोंधळ) टाळण्याचा कार्यक्रम आणि नेहमीचे उपचार ताडून पाहिले. त्या कार्यक्रमातला झोपेचा भाग अगदी साधा होता: रात्री गरम पेय, पाठीला मालिश, शांत संगीत, आणि आवाज व कामांच्या वेळा यांत बदल. भ्रमाचं प्रमाण नेहमीच्या उपचारांत १५ टक्के होतं, ते कार्यक्रमाच्या गटात ९.९ टक्के दिसलं. २०१० मध्ये बार्टिक यांच्या रुग्णालयाने गोळ्यांच्या आणि बीपीच्या वेळा सरकवल्या, रात्री १० ला दिवे मंद करताना अंगाईचे सूर लावले, आणि मागेल त्याला देण्याच्या झोपेच्या गोळ्यांचा वापर ४९ टक्क्यांनी खाली आला. २०१३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या अतिदक्षता विभागात टप्प्याटप्प्याने असाच गठ्ठा आणला गेला. आवाज कमी झाल्याचं पेशंटनी सांगितलं, भ्रमाचं प्रमाण घटलं, पण ‘तुमची झोप कशी झाली’ या प्रश्नाच्या गुणांत लक्षणीय फरक पडला नाही.

हा शेवटचा निकाल मला सर्वांत जास्त शिकवून गेला. परिणाम भ्रमावर दिसतो आणि झोपेच्या मोजपट्टीवर दिसत नाही, तेव्हा झोपेचा फायदा झालाच नाही असं म्हणायचं, की आपली मोजपट्टीच बोथट आहे असं? याचं सरळ उत्तर कुणाकडे नाही, आणि म्हणूनच झोप मोजायची कशाने हा या क्षेत्रातला निम्मा वाद आहे.

पिट्सबर्ग प्रश्नावली, म्हणजे आपली पीएसक्यूआय, १९८९ ची. बायसी आणि सहकाऱ्यांनी तयार केली. १९ प्रश्न, ७ घटक, ० ते २१ गुण, ५ च्या वर गेलं की झोप चांगली नाही. ती गेल्या महिन्याबद्दल विचारते. आता तीन दिवसांपूर्वी भरती झालेल्या पेशंटला ती भरायला दिली तर त्याच्या घरच्या झोपेचे गुण हाती येतात, वॉर्डातल्या झोपेचे नाहीत. ही चूक छापील पेपरांतही दिसते. दुसरी गफलत नाइट करणाऱ्या स्टाफच्या बाबतीत होते. ‘रात्री किती वाजता झोपता’ या प्रश्नापुढे एक जण सकाळचे ९ लिहिते, दुसरी सुटीच्या रात्रीचे ११ लिहिते, तिसरी दोन्हींची सरासरी काढून काहीतरी टाकते. पुढे झोपेची कार्यक्षमता काढताना, म्हणजे झोपलेले तास भागिले खाटेवरचे तास गुणिले १००, या आकड्यांना काही अर्थ उरत नाही. साडेदहाला आडवी झाली, सहाला उठली, झोप पाच तास: खाटेवर साडेसात तास, कार्यक्षमता ६६.७ टक्के, त्या घटकाला २ गुण. गणित साधं आहे, पण ‘साडेदहा’ सकाळचे की रात्रीचे आणि ड्युटीच्या दिवसाचे की ऑफच्या, हे ठरवल्याशिवाय करू नका. नाइटवाल्यांसाठी ड्युटीचे दिवस आणि ऑफचे दिवस वेगळे विचारा, नाहीतर दोन आठवड्यांची झोपेची डायरी ठेवायला सांगा.

वॉर्डातल्या एकेका रात्रीसाठी रिचर्ड्स-कॅम्पबेल प्रश्नावली बरी. ती एका नर्स संशोधिकेच्या कामातून आली आहे याचा मला थोडा अभिमानही आहे. पाच प्रश्न: झोप किती खोल, लागायला किती वेळ, किती वेळा जाग, जाग आल्यावर पुन्हा लागली का, एकूण कशी होती. प्रत्येकासाठी १०० मिलिमीटरची रेघ, पेशंटने खूण करायची. २००० साली ७० पेशंटवर, पॉलिसोम्नोग्राफीशी (मेंदूच्या लहरी वगैरे टिपून झोप मोजणारी तपासणी) ताडून ती तपासली गेली. पण ते सगळे पुरुष होते आणि शुद्धीवर होते. भ्रमात असलेला किंवा गुंगीत असलेला पेशंट ती भरू शकत नाही. मग ‘नर्सने त्याच्या वतीने भरावी’ असा सोपा मार्ग सुचतो. तो घेण्याआधी हे वाचा: पेशंट आणि नर्स दोघांकडून एकाच रात्रीची ही प्रश्नावली भरून घेतली तेव्हा नर्सचे गुण पेशंटपेक्षा जास्त आले. म्हणजे आम्हाला झोप बरी वाटली, त्यांना तेवढी वाटली नव्हती. आमच्या रिपोर्ट बुकातली ती ओळ आता आकड्यांतही आली.

मनगटावरची यंत्रं आता स्वस्त झाली, त्यामुळे प्रबंधांत त्यांची चलती आहे. अॅक्टिग्राफी हालचालीवरून झोप ओळखते. घरी हिंडत्या-फिरत्या माणसासाठी ठीक. पण दुखण्याने हात न हलवता टक्क जागं पडलेल्या पेशंटला ती झोपलेला धरते. वॉर्डात ती वापरायचीच असेल तर सोबत कुणाचं तरी प्रत्यक्ष निरीक्षण हवं. घड्याळाच्या अॅपमधली ‘गाढ झोप ४२ मिनिटं’ वगैरे रंगीत पट्टी प्रबंधात घालू नका, एवढंच सांगते.

लॅव्हेंडरचा वास, पायांना कोमट पाणी, पायांचं मालिश, अॅक्युप्रेशर, संगीत, डोळ्यांवर पट्टी. नर्सिंगच्या नियतकालिकांत यांवरचे छोटे प्रयोग भरपूर सापडतील. यात काही नाहीच असं मी म्हणत नाही. पण वास येतोय की नाही हे पेशंटला कळतंच, आणि मालिश करताना पंधरा मिनिटं कुणीतरी आपल्याजवळ शांतपणे बसलंय हेही त्याला कळतं. फरक वासाचा की सोबतीचा? नियंत्रण गटालाही तेवढाच वेळ देणारे अभ्यास कमी. अतिदक्षता विभागातल्या औषधाविना उपायांवर २०१५ ची कॉक्रेन समीक्षा (अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र तपासणारा आढावा) आहे, ३० प्रयोग, १,५६९ सहभागी. कानातले बोळे आणि डोळ्यांवरची पट्टी यांचा उपयोग होत असावा, पण पुराव्याचा दर्जा कमी, असा तिचा सूर आहे. ३० जणींचा आणखी एक लॅव्हेंडर-प्रयोग करून या सुरात काही बदल होणार नाही.

रुग्णालयाबाहेर चित्र बरंच वेगळं आहे आणि तिथे नर्सिंगचं पारडं जड होतंय. दीर्घकाळच्या निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नसून वर्तनाधारित उपचार आहे, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्येच सांगितलं. अडचण एकच, हा उपचार करणारी माणसं मोजकी. मग नर्स का नको? २००७ मध्ये एस्पी यांच्या गटाने साध्या दवाखान्यांतल्या नर्सना शिकवून २०१ जणांवर हे करून दाखवलं. २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये हॅबिट नावाची मोठी चाचणी आली: इंग्लंडमधले ६४२ लोक, नर्सबरोबर चार बैठका, आणि उपचार म्हणजे फक्त झोपेच्या वेळेवर बंधन. जो माणूस आठ तास अंथरुणात पडून साडेपाच तास झोपतो, त्याला सुरुवातीला साधारण तेवढाच वेळ अंथरुणात घालवायला सांगायचं. पहिले काही दिवस पेंग येते, चिडचिड होते. मग झोप घट्ट होते, आणि हळूहळू वेळ वाढवायची. सहा महिन्यांनी निद्रानाशाच्या २८ गुणांच्या मोजपट्टीवर हा उपचार घेतलेला आणि न घेतलेला अशा दोन गटांत सुमारे तीन गुणांचा फरक राहिला. आकडा छोटा वाटेल, पण हा उपचार झोपेच्या तज्ज्ञाने नाही, नेहमीच्या नर्सने दिला होता. अपस्मार किंवा बायपोलर आजार असलेल्यांना मात्र हा उपचार सल्ल्याशिवाय द्यायचा नाही, आणि गाडी चालवणाऱ्याला त्या पहिल्या पेंगुळलेल्या दिवसांची कल्पना द्यायची.

गरोदरपणाच्या झोपेवर कॅथरीन ली या नर्स संशोधिकेचं काम आहे. २००४ च्या अभ्यासात, शेवटच्या महिन्यात रात्री सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या स्त्रियांमध्ये कळा जास्त वेळ चालल्या आणि सिझेरियनची शक्यता साडेचार पट आढळली. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही, हे व्हायवात नक्की विचारतात. कर्करोगाच्या पेशंटमध्ये झोप, थकवा आणि वेदना ही लक्षणं जोडीने बघण्याची पद्धतही मुख्यतः नर्सिंगनेच रुजवली.

राहिली आपली स्वतःची झोप. हा विषय सगळ्यांना जवळचा म्हणून सगळ्या घेतात. त्यातही दिशा बदलली आहे. २००४ मध्ये अॅन रॉजर्स यांनी ३९३ नर्सना रोजनिशी ठेवायला लावली. शिफ्ट साडेबारा तासांवर गेली की चूक होण्याची शक्यता सुमारे तिप्पट. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं आणि २०१९ मध्ये तेच मत कायम ठेवलं. या मतामागच्या पुराव्यात नर्सच्या मोठ्या पाहण्याही होत्या. २०१६ च्या एका प्रयोगात रात्रपाळी करणाऱ्या १६ जणांना ड्युटीनंतर बंद ट्रॅकवर गाडी चालवायला दिली, तर सहा जण अपघाताच्या अगदी जवळ गेले. इतकं कळल्यावर ‘नर्सनी झोपेची शिस्त पाळावी’ असा निष्कर्ष लिहिणं मला चीड आणतं. दुपारची ड्युटी रात्री उशिरा संपवून सकाळी सातला परत हजर राहायचं, तर शिस्त कुठे पाळायची? नॉर्वेत २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन ड्युट्यांमध्ये ११ तासांपेक्षा कमी अंतर असलेल्या पाळ्या कमी करून पाहिल्या. फायदा छोटा मिळाला, पण बदल ड्युटी लिस्टमध्ये केला होता, नर्सच्या सवयीत नाही. तुम्हाला स्टाफवरच काम करायचं असेल तर ड्युटी लिस्ट हा चल (व्हेरिएबल) घ्या.

हल्ली संशोधनाचा ‘कल’ म्हणजे व्हीओएसव्ह्यूअर किंवा साइटस्पेस या सॉफ्टवेअरमधला, छापील पेपरांतल्या शब्दांवरून काढलेला रंगीत नकाशा, असा समज झाला आहे. नकाशा काढा, हरकत नाही. पण त्यात ‘पीएसक्यूआय’चा गोळा मोठा दिसतो, कारण ती प्रश्नावली पाच-दहा मिनिटांत भरून होते. गोळ्याच्या आकारावरून विषयाचं वजन ठरवू नका. नकाशात बारीक ठिपका असलेले प्रश्न बघा. उदाहरणार्थ कूस बदलणं. एका जागी पडून राहिल्याने अंगाला व्रण पडू नयेत म्हणून दर दोन तासांनी पेशंटला वळवायचं हे आमच्या हाडात भिनलेलं. २०१३ मध्ये नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी चांगल्या फोमच्या गादीवरच्या ९४२ वृद्धांमध्ये दोन, तीन आणि चार तासांचं अंतर ताडून पाहिलं, व्रणांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. ते वृद्धाश्रमातले लोक होते, अतिदक्षता विभागातले नव्हेत, त्यामुळे उद्यापासून वळवणं बंद करायचं असा अर्थ नाही. पण चार तास अंतर ठेवलं तर त्या माणसाची झोप किती सुधारते? हे बघणारे अभ्यास फारसे नाहीत.

माझं मत विचाराल तर एक वॉर्ड घ्या. काही आठवडे रात्रीच्या फेऱ्या मोजा, मग डॉक्टर आणि इन्चार्ज सिस्टर यांच्याशी बोलून दोनच गोष्टी बदला: स्थिर पेशंटचं पहाटे ४ चं बीपी (हे डॉक्टरांच्या लेखी ऑर्डरशिवाय नाही) आणि स्पंजिंगची वेळ. पुन्हा तेवढेच आठवडे मोजा. आधी एकदा आणि नंतर एकदा अशी दोनच मापं घेऊ नका, दर आठवड्याला घ्या, म्हणजे गाडी आधीच उताराला लागली होती की तुमच्या बदलाने लागली हे दिसेल. परिणाम म्हणून टाळता येण्याजोग्या जागृती, रिचर्ड्स-कॅम्पबेलचे गुण आणि दिलेल्या झोपेच्या गोळ्या एवढे तीन पुरे. प्रश्नावल्यांची परवानगी मूळ हक्कधारकांकडून आधीच मागवा, उत्तर यायला वेळ लागतो.

त्याआधी, सिनॉप्सिस लिहिण्यापूर्वी, एक रात्र ड्युटी नसताना वही घेऊन बसा. इन्चार्जची आणि पेशंटची संमती घ्या. नोंदी प्रबंधात वापरायच्या असतील तर एथिक्स कमिटीचीही, आणि तीही आधी. चार रकाने आखा: वेळ, कोण आलं, कशासाठी, थांबता आलं असतं का. चौथा रकाना तुम्ही एकट्याने भरू नका. सकाळी हँडओव्हर झाल्यावर नाइटच्या सिस्टरला चहा द्या आणि तिच्याबरोबर बसून भरा. ते पहाटेचं स्पंजिंग तिने कुणाच्या सांगण्यावरून केलं, हे तिला विचारल्याशिवाय कळणार नाही.